आप्रवासनाची मर्यादा

आप्रवासनाची मर्यादा : बाहेरच्या किती माणसांना देशात येऊन राहू द्यायचे, किती जणांना काम करू द्यायचे आणि त्यांतल्या किती जणांना कायमचे आपले म्हणायचे, हा प्रश्न आणि त्यावरून चालणारा सार्वजनिक वाद. ज्या देशात माणूस पोहोचतो तिथे याला आप्रवासन म्हणतात, ज्या देशातून निघतो तिथे उत्प्रवासन. रोजच्या बोलण्यात दोन्हींना स्थलांतर हा एकच शब्द चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक सुमारे २८ कोटी होते, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ३.६ टक्के. बाकीचे सगळे आपापल्या देशातच आहेत, हे वाद ऐकताना खरे वाटत नाही. वाद आकड्यावरून सुरू होतो खरा, पण दोन वाक्यांत तो 'किती' सोडून 'कोण' या शब्दावर येतो.

पुण्यात या वादाची दोन्ही टोके एकाच जिन्यावर भेटतात. कोथरूडमधली कोणतीही जुनी सोसायटी घ्या. मार्च संपत आला की तिसऱ्या मजल्यावरचे आजी-आजोबा अमेरिकेतल्या मुलाला दर रविवारी एकच विचारतात, "लागली का रे लॉटरी?" लॉटरी म्हणजे एच-१बी या कामाच्या व्हिसाची सोडत. खाली गेटजवळ पाहुण्यांचे रजिस्टर घेऊन नेपाळहून आलेला वॉचमन बसलेला असतो. त्याला अशी सोडत कधी लागली नाही, कारण लागतच नाही : ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे व्हिसाशिवाय येता, राहता आणि काम करता येते. संख्येची मर्यादा नाही. ही मोकळी सीमा पाऊणशे वर्षे चालू आहे आणि महाराष्ट्रात तिच्यावरून कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही.

आकडा कसा ठरतो

अमेरिकेत एच-१बीची वार्षिक मर्यादा १९९० च्या कायद्याने ६५,००० ठरली. वर्ष २००० च्या आधी संगणकांतल्या तारखा दुरुस्त करण्याचे काम अंगावर आले आणि नंतर इंटरनेट कंपन्यांना माणसे पुरेनात, तेव्हा ती आधी १,१५,०००, मग २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० झाली. २००४ मध्ये पुन्हा ६५,०००. अमेरिकी विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांसाठी त्यात २०,००० ची वेगळी भर पडली आणि ही बेरीज तेव्हापासून तशीच आहे. विद्यापीठे आणि काही संशोधन संस्था या मर्यादेबाहेर आहेत. म्हणजे दोन दशकांत संगणकाचे जग उलटेपालटे झाले, पण आकडा हलला नाही. तो गरजेतून निघाला असता तर असे झाले नसते. आर्थिक वर्ष २०२४ साठी नोंदण्या ७.८ लाखांवर गेल्या. एकाच उमेदवाराच्या नावाने तीन-चार कंपन्या चिठ्ठ्या टाकत होत्या. पुढच्या वर्षापासून माणूस एक तर चिठ्ठी एक असा नियम आला आणि संख्या ४.८ लाखांपर्यंत उतरली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी देशाबाहेरून मागवायच्या नव्या एच-१बी कर्मचाऱ्यासाठी एक लाख डॉलर भरण्याची अट घातली. मर्यादा तीच राहिली, दार मात्र अरुंद झाले.

त्यापुढे ग्रीन कार्डाची रांग. नोकरीच्या आधारावरची कायम वास्तव्याची परवानगी वर्षाला सुमारे १,४०,००० जणांना मिळते, त्यात बायका-मुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त येत नाही. आइसलँडला आणि भारताला माप एकच. एच-१बी मिळवणाऱ्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त भारतीय असल्याने आपली रांग काही दशकांची झाली आहे. पुण्यातल्या कितीतरी घरांत 'प्रायॉरिटी डेट', म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, श्राद्धाच्या तिथीइतकी पाठ असते.

ब्रिटनचा अनुभव उलटा आहे. २०१० मध्ये सत्तेवर आलेल्या हुजूर पक्षाने निव्वळ आप्रवासन, म्हणजे येणाऱ्यांतून जाणारे वजा करून उरणारी संख्या, एक लाखाच्या आत आणण्याचे वचन दिले. ते एकाही वर्षी पाळले गेले नाही. २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल लागला, त्यामागे सीमांवर ताबा हा मोठा मुद्दा होता. युरोपातून येणारे घटले, भारत आणि नायजेरियातून येणारे विद्यार्थी, परिचारिका आणि वृद्धांची देखभाल करणारे वाढले, आणि २०२३ मध्ये निव्वळ आकडा ९ लाखांच्या वर गेला. सीमा हातात असणे आणि संख्या हातात असणे या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

स्वित्झर्लंडमध्ये लोकांनाच थेट विचारतात. ७ जून १९७० रोजी परकीयांचे प्रमाण दहा टक्क्यांवर रोखावे या प्रस्तावावर मतदान झाले. रोख मुख्यतः इटलीहून आलेल्या मजुरांवर होता. ५४ टक्के लोकांनी प्रस्ताव नाकारला. मतदान फक्त पुरुषांचे होते, कारण तिथल्या स्त्रियांना संघराज्य पातळीवर मताधिकार १९७१ मध्ये मिळाला. २०१४ मध्ये अशाच स्वरूपाचा दुसरा प्रस्ताव ५०.३ टक्क्यांनी मंजूर झाला.

कॅनडाने १९६७ पासून वय, शिक्षण, भाषा यांना गुण देऊन माणसे निवडण्याची पद्धत रुजवली. दीर्घकाळ तिथे सगळे पक्ष आप्रवासनाच्या बाजूने होते. विद्यार्थी आणि तात्पुरते कामगार यांची संख्या फार वेगाने वाढली आणि घरभाडी आवाक्याबाहेर गेली, तेव्हा हे मतैक्य मोडले. २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली आणि २०२५ साठीचे कायम रहिवाशांचे उद्दिष्ट ५ लाखांवरून ३,९५,००० वर आणले गेले. फर्ग्युसन रस्त्याच्या आसपास परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या कार्यालयांच्या काचांवर लाल पानाचे झेंडे होते, तिथे जर्मनी आणि आयर्लंडचे झेंडे येऊ लागले.

आखाती देशांचा नमुना वेगळाच. संयुक्त अरब अमिरातीत दहांतले जवळजवळ नऊ रहिवासी परदेशी आहेत. इतक्या मोठ्या प्रमाणात लोक कोणत्याही लोकशाही देशाने घेतलेले नाहीत. पण नागरिकत्वाची वाट जवळपास बंद. 'कफाला' पद्धतीत कामगाराचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. काम संपले की घरी जा. संख्या आणि हक्क यांचा हा सौदा आहे, आणि संख्येवर भांडणारे बहुतेक लोक त्याबद्दल बोलायचे टाळतात : थोड्यांना घेऊन पूर्ण हक्क द्यायचे की पुष्कळांना घेऊन कमी?

'कोण' हा प्रश्न

अमेरिकेचा पहिला मोठा बंदीकायदा १८८२ चा, चिनी मजुरांविरुद्धचा. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेत पोहोचल्या. त्यांना कोणतीही मर्यादा आड आली नाही, कारण भारतीयांना अडवावे इतके भारतीय तिथे नव्हतेच. आड आले ते इथले लोक. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. पुढे पश्चिम किनाऱ्यावर पंजाबी मजूर वाढले तसे कायदे आवळत गेले : १९१७ मध्ये आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून येण्यास बंदी, १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात भारतीय माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, १९२४ मध्ये देशवार कोटे. त्या काळात अमेरिकेत असलेला तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीत ओढला गेला, १९१४ मध्ये परतला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी गेला. १९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला १०० जागा ठरल्या. शंभर! देशवार कोटे १९६५ मध्ये गेले आणि त्यानंतर पुण्यातल्या बी. जे. मेडिकल आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पदवीधरांची जी रीघ लागली, तिच्यावर आजचे 'दोन्ही मुलं तिकडेच' हे वाक्य उभे आहे. ऑस्ट्रेलियाने १९०१ पासून चालवलेले गोऱ्यांपुरते धोरण १९७३ पर्यंत पूर्णपणे गुंडाळले.

रोजगार, मजुरी आणि पाणी

बाहेरचे आले की स्थानिकांची मजुरी पडते का, यावर अर्थशास्त्रज्ञांत जे गाजलेले भांडण आहे ते मायामी शहराचे. १९८० मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख लोक काही महिन्यांत तिथे उतरले आणि शहरातले कामकरी हात एकदम सात टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवले की स्थानिकांच्या मजुरीवर वा बेरोजगारीवर ठळक परिणाम दिसत नाही. त्यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. जॉर्ज बोर्हास यांनी पंचवीस वर्षांनी तीच आकडेवारी उलगडली आणि शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांची मजुरी बरीच पडली असे मांडले. नमुना फार लहान आहे, असा त्यांच्यावर प्रतिआक्षेप आला. साधारण मान्य गोष्ट एवढीच की परिणाम सरासरीत किरकोळ असतो आणि झालाच तर तळाच्या थोड्यांना आणि आधी येऊन बसलेल्या स्थलांतरितांना सोसावा लागतो. कामे ठरावीकच असतात, एकाला मिळाले की दुसऱ्याचे गेले, ही समजूत मात्र टिकत नाही. आलेला माणूस जेवतो, भाड्याने राहतो, केस कापून घेतो.

पुण्यात हे मे २०२० मध्ये उलट बाजूने दिसले. टाळेबंदीत बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडचे कामगार श्रमिक गाड्यांनी निघून गेले आणि उपनगरांतल्या इमारतींचे सांगाडे अर्धवट उभे राहिले. एरवी सकाळी साडेसातला जे नाके माणसांनी फुललेले असतात, डबा आणि थापी घेऊन, ते मजूर अड्डे ओस पडले. जागा रिकामी झाली म्हणून ती भरायला कोणी गर्दी केली नाही.

विरोधकांचा खरोखर वजनदार मुद्दा मजुरीचा नाही, सामावून घेण्याच्या क्षमतेचा आहे. पुण्यात तो एका शब्दात मांडतात : पाणी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा. त्यातून शहर आणि खालची शेती. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पुणे महानगराची लोकसंख्या ३७ लाखांवरून ५० लाखांवर गेली. एकट्या पिंपरी-चिंचवडची १० लाखांवरून १७ लाखांवर. टँकरच्या मागे रांग लावणाऱ्याला राष्ट्रीय उत्पन्नाची सरासरी सांगून उपयोग नसतो. मात्र टंचाईचा दोष येणाऱ्याचा की नळ टाकण्याआधी इमारतीला परवानगी देणाऱ्याचा, हे या वादात सोयीने विसरले जाते.

देशातल्या देशात

भारतात राज्यांना सहसा आप्रवासन रोखता येत नाही. राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला देशभर संचार करण्याचा आणि कुठेही स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे इथे हा वाद 'भूमिपुत्र' आणि 'परप्रांतीय' या शब्दांत, नोकऱ्यांतल्या स्थानिक आरक्षणाच्या रूपाने चालतो. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या शिवसेनेने तो रस्त्यावर आणला, २००८ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने पुन्हा पेटवला. हरियाणाचा खासगी नोकऱ्यांतल्या ७५ टक्के स्थानिक आरक्षणाचा कायदा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला. आसामातला वाद बांगलादेशातून आलेल्यांवरचा, म्हणजे खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय. १९८५ च्या आसाम करारात परके कोण हे ठरवणारी तारीख २५ मार्च १९७१ ठरली. त्या साली भारताने सुमारे एक कोटी निर्वासित पोसले होते, आणि तरीही १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही.

पुण्यात 'मूळचा कोण' हे ठरवणे अवघड जाते. पेशवे श्रीवर्धनहून आले. ससून रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे ते डेव्हिड ससून बगदादचे. लष्कर भागातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात त्यांची कबर आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे पिंपरीच्या कॅम्पात उतरली. इराणी हॉटेलांतल्या बन-मस्क्याला आज कोणी परदेशी म्हणत नाही. सदाशिव पेठेत 'कॉट बेसिसवर जागा मिळेल' ही पाटी वाचत फिरणारा बीडचा एमपीएससीचा विद्यार्थी पेठकरांच्या लेखी बाहेरचाच, आणि हिंजवडीत तोच विद्यार्थी स्थानिक ठरतो. वाकड-खराडीकडे तक्रारीचा सूर सगळ्यांत चढा लागतो, आणि तिथल्याच चार-चार मजली पीजी बाहेरच्यांच्या भाड्यावर उभ्या आहेत.

जनगणनेच्या व्याख्येत जन्मगाव किंवा मागचे राहते गाव बदलले की माणूस स्थलांतरित. त्यामुळे बिहारचा गवंडी आणि साताऱ्याहून नांदायला आलेली सून एकाच रकान्यात बसतात, आणि देशभरात स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न हेच निघते. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. तोवर पुण्यात बाहेरचे किती, यावर सभांमधून जे आकडे फेकले जातात त्यांच्या तळाशी २०११ चेच तक्ते आहेत.