वेळ आखणं वेगळं, वेळ हातात असणं वेगळं

“फार ताण येतो? मग वेळेचं नियोजन कर.” घरातली मोठी माणसं हेच सांगतात, ऑफिसातले साहेबही हेच सांगतात. हे ऐकून मला आता राग येतो, कारण ज्याला हा सल्ला मिळतो तो बऱ्याचदा नियोजनात आधीच पक्का असतो.

नियोजन म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. कामांची यादी, आधी काय नि नंतर काय, डायरी, मोबाइलचा गजर. ‘ताण’ म्हणा की ‘तणाव’, मला फरक पडत नाही. फक्त कामात बुडालेल्या माणसाला ‘व्यस्त’ म्हणू नका. मराठीत प्रमाण व्यस्त असतं, माणूस व्यग्र असतो.

खरा घोळ पुढे आहे. दिवस आखून ठेवला की तो आपल्या हातात आला, असं लोक धरून चालतात.

निफाडचा द्राक्ष बागायतदार घ्या. नियोजनात त्याचा हात कोण धरणार? एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळांसाठी गोडी छाटणी, आणि तिथून पुढे सगळा हिशेब दिवसांचा. त्याला तारीख विचारली तर एकवेळ चुकेल, पण बागेला आज कितवा दिवस आहे ते झोपेतून उठवलं तरी सांगेल. फवारणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी म्हणजे दाटीतले मणी काढणं, सगळं त्या दिवसांवर बांधलेलं. आणि ऐन फुलोऱ्यात पाऊस लागतो, डाऊनी हा रोग येतो, घड कुजायला लागतात. त्या रात्री त्याला झोप लागत नाही, ती काय यादी करायची राहिली म्हणून? त्याच्या हातात फवारणी आहे, आभाळ नाही. अशी झोप आठवडेच्या आठवडे उडाली तर त्याला नवं वेळापत्रक देऊ नका. डॉक्टरांकडे न्या, निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक तरी लावून द्या.

हे नुसतं माझं मत नाही. रॉबर्ट कॅरासेक या संशोधकांनी 1979 मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांची माहिती तपासून दाखवलं की कामाचा रेटा मोठा आणि स्वतः ठरवायची मोकळीक कमी, अशा जागी ताण सगळ्यात जास्त असतो. तेरेझ मॅकन या संशोधिकेने 1994 मध्ये थेट वेळेच्या नियोजनावरच काम केलं. त्यांच्या मांडणीत नियोजन आणि ताण यांच्यामध्ये एक कडी आहे: वेळ माझ्या ताब्यात आहे, असं माणसाला वाटणं. ते वाटलं तर ताण उतरतो. ते वाटायला जागाच नसेल, तर नुसत्या याद्या काय करणार? उलट रोज मोडणारं वेळापत्रक माणसाला रोज नापास करतं, आणि हा ताण आपण सल्ला देऊन वाढवलेला असतो.

नियोजन कामाचं नाही, असं मी म्हणत नाही. बारावीच्या सुट्टीत अख्खा दिवस मोकळा असलेल्या मुलाला यादी हवीच. त्याची वेळ त्याचीच आहे, फक्त विस्कटलेली आहे. पण नाशिकरोडहून सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडून रोज मुंबईला जाणारी बाई घरचे डबे भरून निघते. तिला “पहाटे लवकर उठत जा” हे सांगू नये. तिच्या घरच्यांनी डबे भरावेत.

म्हणून सल्ला देण्याआधी मी एकच विचारते: तुझा उद्याचा दिवस कोण ठरवतं? उत्तर ‘मीच’ असेल तर डायरी काढ. दुसरं कोणी ठरवत असेल तर त्या दुसऱ्याशी बोलायला हवं.

आमच्या शेजारचा मुलगा नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात आहे. पाळी कोणती, हे त्याला आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळायचं. दोन वर्षं तो चिडचिडा झाला होता, आणि सगळे त्याला शिस्त शिकवत होते. शेवटी चौघांनी मिळून सुपरवायझरकडे एवढंच मागितलं की आठवड्याचा तक्ता शनिवारी लावा. तो लागायला लागला. काम तेवढंच आहे, रात्रपाळीही सुटलेली नाही. पण परवा त्याने मुलीच्या शाळेतल्या पालकसभेची वेळ भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिली, पेन्सिलीने नाही, पेनाने.