पिंग्री, हेझन

(३० ऑगस्ट १८४० – १८ जून १९०१). अमेरिकन बूट-कारखानदार, डेट्रॉइटचे महापौर (१८९०–९७) आणि मिशिगनचे राज्यपाल (१८९७–१९००). जन्म मेन राज्यातील डेन्मार्क या गावी. शिक्षण बेताचेच. कोवळ्या वयात कापडगिरणीत आणि पुढे बूट-कारखान्यात चामडे बेतण्याचे काम केले. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात असताना १८६४ मध्ये पकडले जाऊन अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध बंदिछावणीत पडले. युद्धानंतर डेट्रॉइटला येऊन १८६६ मध्ये चार्ल्स स्मिथ यांच्या भागीदारीत बुटांचा कारखाना काढला. तो भरभराटीला आला.

१८८९ मध्ये रिपब्लिकन पक्षाने त्यांना महापौरपदाची उमेदवारी दिली, ती यशस्वी आणि भरवशाचा धंदेवाईक म्हणून. निवडून आल्यावर मात्र त्यांनी शहरातील बड्या कंपन्यांशीच दोन हात केले. १८९१ च्या ट्राम संपात लष्करी दल बोलावण्यास नकार देऊन त्यांनी लवादाचा आग्रह धरला. गॅस स्वस्त करून घेतला, रस्त्यांवरील दिव्यांसाठी पालिकेचे स्वतःचे वीजकेंद्र उभारले आणि ट्रामचे भाडे ३ सेंटांवर आणण्यासाठी झगडा मांडला. लाच खाणाऱ्या शाळा मंडळ सदस्यांना तर भर बैठकीतच अटक करवली.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम १८९३ च्या मंदीतले. हजारो कामगार बेकार झाले होते; त्यांत पोलिश व जर्मन स्थलांतरित पुष्कळ. शहराच्या कडेला पडून असलेल्या खाजगी जमिनी मालकांकडून तात्पुरत्या मागून घेऊन, नांगरून, त्यांचे तुकडे गरजू कुटुंबांना द्यावेत, असे पिंग्री यांनी १८९४ मध्ये ठरवले. बियाणे आणि अवजारांसाठी पैसा हवा होता. चर्चकडून नगण्य रक्कम आली, तेव्हा त्यांनी आपला उमदा घोडा लिलावात विकला. वृत्तपत्रांनी ‘बटाटा पिंग्री’ म्हणून टर उडवली. पहिल्याच हंगामात सुमारे ४३० एकरांवर ९४५ कुटुंबांनी बटाटे, घेवडा, सलगम पिकवले. गरिबाला शिध्यापेक्षा जमीन हवी, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवले. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियानेही हीच वाट धरली. अमेरिकेतील सामूहिक शहरी शेतीच्या इतिहासात हा प्रयोग अग्रगण्य मानला जातो.

राज्यपाल झाल्यावरही महापौरपद न सोडण्याचा त्यांचा प्रयत्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. रेल्वे कंपन्यांवर मालमत्तेच्या मूल्यानुसार कर बसवण्यासाठी ते अखेरपर्यंत विधिमंडळाशी भांडले. लंडन येथे त्यांचे निधन झाले. लोकवर्गणीतून उभारलेला त्यांचा पुतळा १९०४ पासून डेट्रॉइटच्या ग्रँड सर्कस पार्कमध्ये आहे.