मळ्यातला खड्डा भरत का नाही?

इंदूरभोवती सांवेर, देपालपूर, महू या बाजूंना ज्यांची शेती आहे, त्यांच्यातल्या कित्येकांच्या मळ्यात बांधाच्या कडेला एखादा जुना खड्ड्याचा संडास असतो. आता नवे शेतघर बांधताना तो पाडून त्या जागी भलीमोठी काँक्रीटची सेप्टिक टाकी बांधतात. कारण विचारले की एकच उत्तर मिळते: "खड्डा दोन वर्षांत भरतो, मग उपसायचा कोणी?"

ही भीती गणितात टिकत नाही. विष्ठेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. ते जमिनीत मुरते आणि उरलेला बराच भाग जीवाणू खातात. माणशी वर्षाला साधारण 40 ते 60 लिटर गाळ शिल्लक राहतो. एक मीटर रुंद, एक मीटर खोल गोल खड्ड्यात 785 लिटर मावते, म्हणजे पाच माणसांच्या घराला तो तीनेक वर्षे पुरतो. शेजारी तसाच दुसरा खड्डा असला की पहिला बंद करून दीड-दोन वर्षे मुरू द्यायचा. मग त्यातून निघते ते कोरडे, मातीसारखे खत. जुन्या वाड्यांतला टोपलीचा संडास ही वेगळी गोष्ट होती. तो रोज दुसऱ्या माणसाच्या हातांनी साफ करवून घेतला जाई. ती प्रथा अमानुष होती आणि 2013 च्या कायद्याने त्यावर पूर्ण बंदी आहे.

खड्ड्यात टाकायच्या 'खास जीवाणूंच्या' पुड्या बाजारात मिळतात. त्यांवर पैसे घालवू नका. एका ग्रॅम विष्ठेत अब्जावधी जीवाणू आधीच असतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती खड्ड्याच्या भिंतीपलीकडची माती. विटांच्या फटींतून पाणी बाहेर झिरपते. पहिल्या काही महिन्यांत त्या मातीत जीवाणू वस्ती करतात आणि शर्करेच्या लांब साखळ्यांचा चिकट पदार्थ सोडतात. मातीची छिद्रे हळूहळू बुजतात आणि काही सेंटिमीटर जाडीचा बुळबुळीत थर तयार होतो. झिरपण्याचा वेग घटतो, पण हाच थर गाळणीचे काम करतो. जंताचे अंडे सुमारे 50 मायक्रोमीटरचे, ते तिथेच अडकते. जीवाणू एका मायक्रोमीटरच्या आसपासचे, ते थराला चिकटतात आणि आदिजीव, म्हणजे त्यांच्याहून मोठे एकपेशीय जीव, त्यांना खातात. विषाणू त्याहून कितीतरी लहान, छिद्रांतून सहज जाणारे, पण चिकणमातीच्या कणांवरचे विद्युतभार त्यांतल्या बऱ्याच विषाणूंना धरून ठेवतात. थरापलीकडची माती पूर्ण भिजलेली नसते. तिथे पाणी कणांच्या अंगावरून पातळ पापुद्र्यासारखे सरकते आणि मोठ्या छिद्रांत हवा राहते.

या हवेमुळेच एक अडचण उभी राहते. मूत्रातल्या युरियापासून झालेल्या अमोनियमचा भार धन असतो, त्यामुळे ऋण भाराची चिकणमाती त्याला धरते. ऑक्सिजन मिळाला की दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट स्वतःच ऋण, म्हणून माती त्याला दूर लोटते आणि ते पाण्याबरोबर थेट खाली जाते.

माळव्याची काळी माती हे सगळे आणखी अवघड करते. तिच्यात माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते. पावसाळ्यात छिद्रे मिटतात, पाणी मुरत नाही आणि खड्डा तुडुंब होतो. लोक म्हणतात, "भरला!" भरलेला नसतो, नुसता तुंबलेला असतो. उन्हाळ्यात याच मातीला खोल भेगा पडतात आणि घाण पाणी त्या गाळणीला वळसा घालून सरळ खालच्या मुरमात, तिथून बेसाल्टच्या फटींत उतरू शकते. उपाय साधा आहे: काळ्या मातीत खड्डा जरा मोठा खणून विटांच्या बाहेर चहूबाजूंनी 30 सेंटिमीटर वाळू भरायची.

विष्ठेचे खत करण्याचा सखोल अभ्यास याच इंदुरात झाला, हे आपल्याला माहीत असायला हवे. 1924 साली इथे सुरू झालेल्या वनस्पती संशोधन संस्थेत इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी खताची 'इंदूर पद्धत', म्हणजे काडीकचरा आणि शेण हवेशीर ढिगात कुजवण्याची रीत, बसवली. वाड यांनी पुढे जॅक्सन या सहकाऱ्यासह मानवी मैल्यालाही ती लावून दाखवली. ढिगाला हवा मिळाली की तो आतून तापतो, रोगजंतू मरतात आणि काही महिन्यांत खत होते. खड्ड्यात हवा नाही, म्हणून उष्णता नाही, म्हणून तिथे वर्षे लागतात.

संडास ईशान्येला नको, हे बजावणारे वास्तुतज्ज्ञ पुष्कळ भेटतात. त्या दिशेला शास्त्रीय आधार कसलाच नाही. विचारायचे ते हे, की विहीर कुठे आहे आणि उतार कोणीकडे. खड्डा विहिरीपासून किमान 10 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. भेगाळ जमिनीत त्याहूनही लांब. आणि मोठी टाकी बांधली तरी तिच्यातून बाहेर पडणारे पाणी जंतूंनी भरलेलेच असते. तेही शेवटी मातीतच मुरवावे लागते.

पावसाळ्यानंतर विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट तपासून घ्या. लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. त्यापेक्षा जास्त निघाले तर ते पाणी लहान बाळांना देऊ नका, उकळूनही नाही. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते, तसे त्याचे प्रमाण उलट वाढते.