स्पितीला शिमल्याकडूनच का नेतो?

“मनालीवरून एका दिवसात काझा होतंय, मग शिमल्याचा वळसा कशाला?” सुट्ट्या जवळ आल्या की पोवई नाक्यावरच्या आमच्या ऑफिसात हा प्रश्न रोज येतो. फोनवर सांगून सांगून घसा बसतो, म्हणून हा कागद. बुकिंगआधी घरातल्या सगळ्यांनी वाचावा.

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्याचं मुख्य गाव काझा सुमारे १२,००० फुटांवर आहे. आपलं महाबळेश्वर ४,५०० फूट, राज्यात सर्वांत उंच कळसूबाई ते ५,४००. म्हणजे एवढ्या उंचीची सवय आपल्याकडे कुणालाच नसते. काझात हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश, त्यामुळे दर श्वासाला प्राणवायूही तेवढाच मिळतो.

मनालीहून निघालात की १५,००० फुटांची कुंझुम खिंड ओलांडून त्याच रात्री काझात झोपायचं. एका दिवसात पाच हजार फुटांची उडी! त्याहून वाईट म्हणजे पहिलाच मुक्काम १४,००० फुटांवरच्या चंद्रतालला टाकणं. त्रास लगेच होत नाही, हीच तर गोम आहे. संध्याकाळी तळ्याकाठी सगळे हसत फोटो काढतात आणि मध्यरात्री डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, झोप लागत नाही. त्रास वाढला तर खाली उतरवणं हाच खरा इलाज. एकासाठी गाडी खाली गेली की बाकीच्यांचा अख्खा दिवस बुडतो. “आम्ही आमचे मनालीवरून येतो, काझात गाठू” म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, ते यासाठीच.

“मी रोज सकाळी अजिंक्यतारा चढतो”, “माझी हिल मॅरेथॉन झालीय”, हेही ऐकतो. कौतुक आहे, पण विरळ हवेची सवय व्यायामाने होत नाही, त्याला दिवसच द्यावे लागतात. उलट तगडी मंडळीच पहिल्या दिवशी धावपळ करून आडवी होतात.

दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत दीड हजार फुटांपेक्षा फार वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. म्हणून शिमल्यानंतर किन्नौरमध्ये कल्पाला (९,७०० फूट) दोन रात्री. “एक दिवस वाया” अशी कुरकुर होते ती इथलीच. किन्नर कैलास समोर असताना ती का होते, आम्हाला कळलेलं नाही. नाको १२,००० फुटांवर, म्हणून तिथलं तळं बघायचं आणि झोपायला खाली ताबोला (१०,७५० फूट) यायचं. मग काझा. कोमिक, हिक्कीम, लांग्झा ही उंचावरची गावं दिवसा बघून रात्री परत काझातच. चंद्रताल आणि मनाली शेवटी, परतीच्या वाटेवर.

या वाटेने गेलं की इतिहासही ओळीने भेटतो. ताबोचा मठ इ. स. ९९६ चा, पश्चिम तिबेटातल्या गुगेच्या राजांच्या काळातला. बाहेरून नुसत्या मातीच्या भिंती, “एवढ्यासाठी आलो?” असं तोंडावर येतं. आत जा. अंधारात डोळे सरावले की भिंतीवर ओळीने बसवलेल्या मातीच्या मूर्ती आणि त्यांच्याभोवतीची चित्रं दिसू लागतात. फोटोला बंदी आहे, लहान बॅटरी जवळ ठेवा. पुढे कड्यावरचं धनकर, स्पितीची जुनी राजधानी, आणि मग ‘की’ नावाचा मठ. हा मुलूख बराच काळ लडाखच्या अमलाखाली होता, १८४६ मध्ये इंग्रजांकडे गेला. तरी गावकारभार नोनो या स्थानिक घराण्याकडेच राहिला.

मातीचा मठ हजार वर्षं टिकला तो कोरड्या हवेमुळे. महाबळेश्वरला धो-धो आणि दहिवडीला कोरडं, तसंच तिथे: पावसाळी ढग हिमालयाच्या अलीकडेच रिकामे होतात. शेती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर, कूल म्हणतात त्या पाटांनी. जव आणि काळा वाटाणा पूर्वीपासूनचा, हिरवा मटार आता विकायला. जमीन आणि पाणी दोन्ही मोजकं, म्हणून रिवाजाने शेत थोरल्या मुलाकडे जायचं आणि धाकटे मठात जायचे. अशा घरात पाहुणे म्हणून उतरल्यावर अंघोळीला दोन बादल्या मागू नका. एक गरम बादली मिळेल, तीही चूल पेटवून. “जुले” (तिथला नमस्कार) म्हणा, चहा आपोआप येतो.

जूनचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर आम्हाला पसंत. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या सतलज खोऱ्यात दरडी कोसळतात. दिवाळीच्या सुट्टीत कुंझुम बहुधा बर्फाने बंद असते, तेव्हा चंद्रताल नाही, परत शिमल्याकडूनच. हे आधी सांगतो. काझात भांडू नये.

आमचा दर इतरांपेक्षा जास्त दिसतो तो या जादा मुक्कामांमुळे. गाडीत ऑक्सिजन सिलिंडर असतोच, पण तो खाली उतरेपर्यंतचा आधार. वर असताना दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना आवर्जून सांगा. बीपी, दमा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी बुकिंगच्या वेळीच आणावी, म्हणजे पैसे भरल्यावर नाव कमी करायची वेळ येत नाही.