कोब्यावरचं पाऊल आणि दुकानातला बूट

विहिरीवर पाय धुऊन लाल कोब्याच्या ओटीवर चढलात की मागे ओले ठसे उमटतात. त्यातला एक नीट पाहा. टाच आणि चवडा जोडणारा पट्टा साधारण अर्ध्या तळव्याएवढा असेल तर पायाची कमान मध्यम. अख्खा तळवा उमटला तर पाऊल सपाट. मधे नुसती रेघ, किंवा काहीच नसेल, तर कमान उंच. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर मात्र ही परीक्षा करू नका. मऊ वाळूत पाय रुततो, वाळू कमानीखालीही दाबली जाते आणि चांगली कमानसुद्धा सपाट दिसते.

पावलात २६ हाडं असतात आणि धावताना त्यांच्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. त्या भाराने कमान किंचित दबते, तळव्यातले स्नायुबंध ताणले जातात, आणि पाय उचलताना ती ताणलेली ऊर्जा परत मिळते. १९८७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी हे मोजून दाखवलं. २०२० मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली: पावलाच्या ताठपणात ४० टक्क्यांहून अधिक वाटा अंगठ्याकडून करंगळीकडे जाणाऱ्या आडव्या कमानीचा असतो. वहीचा कागद एका टोकाला धरा, तो लोंबतो. त्याला आडवा थोडा बाक द्या, ताठ उभा राहतो. तसंच हे. ओल्या ठशात ही आडवी कमान दिसतच नाही.

दुकानात मात्र ठशावरूनच धावण्याचा बूट ठरतो. सपाट पावलाला मोशन कंट्रोल, म्हणजे पाय आत कलू न देणारा; मध्यम कमानीला स्टॅबिलिटी, म्हणजे थोडा आधार देणारा; उंच कमानीला मऊ कुशन. ऐकायला पटतं. अमेरिकेच्या भूदल, हवाईदल आणि मरीन दलातल्या हजारो नव्या भरतीवर हे तपासलं गेलं. काहींना ठशाप्रमाणे बूट दिले, बाकी सगळ्यांना सरसकट स्टॅबिलिटीचे. २००९-१० मध्ये निष्कर्ष आले: दुखापतींत म्हणावा असा फरक नाही. डेन्मार्कमध्ये नव्याने धावू लागलेल्या ९२७ जणांना एकाच प्रकारचे न्यूट्रल, म्हणजे असा खास आधार नसलेले, बूट दिले होते. वर्षभरात, पाय आत कलणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या असं दिसलं नाही.

म्हणून सपाट पाऊल म्हणजे व्यंग, ही समजूत मला फार खटकते. चवड्यावर उभं राहून पाहा. कमान वर आली तर पाऊल लवचीक आहे आणि दुखत नसेल तर काळजीचं कारण सहसा नसतं. राव आणि जोसेफ यांनी १९९२ मध्ये भारतातल्या २,३०० मुलांचे पाऊलठसे तपासले, तेव्हा पायताण घालणाऱ्या मुलांत सपाट पाऊल ८.६ टक्के आढळलं, अनवाणी मुलांत २.८ टक्के. सारवलेल्या अंगणात पोरं अनवाणी खेळत असतील तर खेळू द्या.

मग बूट कसा निवडायचा? पायाला विचारून. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. धावताना घालता तेच मोजे घाला, दोन-तीन जोड घालून दुकानाबाहेर धावून बघा. जो पहिल्या क्षणापासून पायात असल्याचं जाणवत नाही, तो घ्या. पुढे अंगठाभर जागा हवीच, कारण कोकणात सपाट रस्ता फार थोडा, आणि घाटीच्या उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात.

पुळणीवर धावायचं तर ओहोटीनंतरच्या घट्ट वाळूत धावा. कोरड्या वाळूत कठीण जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. किनारा समुद्राकडे उतरता असल्याने जाताना एक पाय सतत खाली राहतो, म्हणून त्याच वाटेने परत या.

पावसाळ्यात जाळीदार बूट घ्या, आतलं सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि वाऱ्यावर वाळवा. चुलीजवळ नको, उष्णतेने गोंद सुटतो. एकाच पायाची कमान अलीकडे बसत चालली असेल, किंवा सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकत असेल, तर नवा बूट शोधण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना पाय दाखवा.