स्थलांतरी माशांतील जनुकीय विविधता आणि तापमानवाढ

विणीसाठी किंवा वाढीसाठी ठरावीक काळी नदीत वर-खाली, अथवा नदी आणि समुद्र यांच्यामध्ये, प्रवास करणाऱ्या माशांच्या एकाच जातीत जे आनुवंशिक वेगळेपण असते, त्याला त्या जातीची जनुकीय विविधता म्हणतात. हे वेगळेपण एका समूहातील माशामाशांत असते, तसेच निरनिराळ्या उपनद्यांत विणणाऱ्या समूहांतही असते. पाणी तापू लागले की यांपैकी दुसरे अधिक मोलाचे ठरते.

पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. २०° से. तापमानाला लिटरमागे सुमारे ९.१ मिग्रॅ. प्राणवायू मावतो, तर ३०° से.ला जेमतेम ७.६ मिग्रॅ. याच वेळी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते आणि प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशाची दमछाक सर्वांत आधी होते. कॅनडातील फ्रेझर नदीच्या सॉकाय सॅमन या समुद्रातून नदीत विणायला येणाऱ्या माशामध्ये लांब आणि अवघड वाट चढणाऱ्या समूहांची हृदये तुलनेने मोठी असतात आणि त्यांना होणारा रक्तपुरवठाही चांगला असतो. अलास्कातील ब्रिस्टल उपसागरात असे शेकडो समूह आहेत. त्यांच्या जागी एकच एकजिनसी समूह असता, तर दरवर्षी परतणाऱ्या माशांच्या संख्येतील चढउतार दुपटीहून अधिक झाले असते, असे २०१० मधील अभ्यासात दिसले.

कधी निघायचे, हेही काही अंशी जनुकांत लिहिलेले असते. अमेरिकेतील ओरेगन राज्यात ‘रोग’ नावाच्या नदीवर १९७७ मध्ये धरण झाल्यानंतर वसंतात लवकर चढणाऱ्या चिनूक या सॅमनच्या दुसऱ्या जातीची संख्या घटली आणि लवकर निघण्याशी जोडलेली जनुकाची आवृत्तीही विरळ होत गेली. असे एकदा गमावलेले रूप संख्या वाढवून परत आणता येत नाही.

नागपूरकरांना हा विषय दूरचा वाटू नये. मृगाचा पाऊस होऊन कन्हानला पहिले गढूळ पाणी आले की चढणीचे मासे निघतात, आणि फळ्या न काढलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याखाली गाभोळीने पोट तट्ट फुगलेली मादी पुन्हा पुन्हा उसळी घेत राहते. पाऊस लांबला, तर तिला डोहातील तापलेल्या पाण्यात ताटकळावे लागते. पेंचवर तोतलाडोह आणि वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. उष्णतेची झळ लागण्याआधीच नदीचे असे तुकडे पडले, की वरचे आणि खालचे समूह एकमेकांत मिसळत नाहीत आणि लहान राहिलेल्या समूहात जवळच्या नात्यातील प्रजनन वाढते.

मोजक्या प्रजनक माशांपासून काढलेले मत्स्यबीज सोडणे हा यावरचा उपाय मानला जातो. त्याने बोटुकल्यांची (बोटाएवढ्या पिलांची) संख्या वाढते, विविधता नव्हे. लोणावळ्याच्या उबवणी केंद्रातील दख्खनी महाशीर कावेरीत सोडला गेला, तो तेथे फोफावला आणि मूळचा कुबडा महाशीर मागे पडला. या कुबड्या महाशीराची नोंद २०१८ पासून अतिसंकटग्रस्त म्हणून आहे. म्हणून बीज सोडण्याआधी त्या नदीत कोणते समूह आहेत, हे तपासणे आवश्यक आहे, आणि ते अवघडही नाही: शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलात ठेवला तरी डीएनए तपासता येतो आणि मासा जिवंत पाण्यात परत जातो. मात्र हे नमुने विणीच्या दिवसांत, बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही अंगांना घ्यावे लागतात.