पूर्णविराम दिला की राग का वाटतो: बोलण्याच्या ढंगामागची पार्श्वभूमी

आमच्या गोव्यात जत्रेला मराठी नाटक बसवतात, आणि कुठल्याही गावच्या तालमीला जाऊन बसलात तर स्टेजवरचे संवाद मराठीत आणि मधली सगळी बोलणी कोंकणीत चाललेली ऐकू येतात. राजा गरजत असतो मराठीत, आणि तो अडखळला की बाजूने आवाज येतो, "मातशें व्हडल्यान उलय मरे", म्हणजे जरा मोठ्याने बोल रे. आता अशाच मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय होतं बघा. आधी नोटीस पडते, "उद्या सायंकाळी ८ वाजता तालीम आहे. सर्व कलाकारांनी वेळेवर उपस्थित राहावे." मागोमाग त्याच माणसाचा व्हॉइस मेसेज येतो, "फाल्यां आठांक येयात रे सगळे, कळाव करूं नाकात". निरोप तोच, पण नोटीस वाचून नव्या पोरांना वाटतं मागच्या वेळी उशिरा आलो त्याचा राग आहे, आणि व्हॉइस मेसेज ऐकून वाटतं घरातलंच कोणीतरी हाक मारतंय. शब्दांच्या पलीकडे हा जो अर्थ लागतो, म्हणजे सूर, वेग, मध्ये थांबणं, कोण कुणाला काय म्हणून बोलावतो, ह्याला भाषेचे अभ्यासक संवादशैली म्हणतात.

गोव्यात हे दोन ढंग शेजारीशेजारी नांदतात त्याला चारशे वर्षांचा तरी पुरावा आहे. इंग्लंडहून आलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोचला, आणि त्याने लिहिलेलं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, मराठीत, ओवीबद्ध, आपल्या पुराणांच्या वळणाचं. त्याच माणसाने पोरांना धर्म शिकवायला जे पुस्तक केलं, जे त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापलं, ते मात्र इथल्या बोलीत, कोंकणीत, आणि तेही सवाल-जवाबाच्या रूपात. पुराण म्हणून ऐकायचं तर ओवी, पोराला समजवायचं तर बोलणं, हे त्याला बरोबर कळलं होतं आणि मला तर वाटतं शैली म्हणजे काय ते सांगायला ह्याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.

पुढे गोव्यातल्या अनेक हिंदू घरांत हेच चालू राहिलं, बोलायचं कोंकणीत आणि वाचायचं, लिहायचं मराठीत. मुंबईला नोकरीला गेलेला मुलगा आईशी आयुष्यभर "तूं" म्हणून बोललेला असायचा, पण पत्र लिहायला बसला की वडिलांसाठी "तीर्थरूप", मग "शिरसाष्टांग नमस्कार", शेवटी "कळावे", आणि बरोबरीच्या माणसाला लिहायचं तर "सा. न. वि. वि." आणि "लोभ असावा". आजच्या पोरांना हे पाठ केलेलं कोरडं वाटतं पण ते तसं नव्हतं, कागदावर सूर लावता येत नाही म्हणून नातं, मान, जवळीक हे सगळं मायन्यातच भरून ठेवायची ती रीत होती, पहिली ओळ वाचताच कळायचं की लिहिणारा वाकून उभा आहे की खांद्यावर हात टाकून.

विरामचिन्हांचंही तसंच. मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नव्हती आणि विरामचिन्हं तर नव्हतीच, वाचणारा आपल्या अंदाजाने थांबायचा. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह हे सगळं मराठीत रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी ह्या इंग्रज अधिकाऱ्याला देतात. म्हणजे ज्या टिंबावरून आज ग्रुपमध्ये गैरसमज होतात ते आपल्या लिहिण्यात येऊन दोनशे वर्षंही झालेली नाहीत.

आता अभ्यासकांचा भाग. ह्या विषयातलं मोठं नाव जॉन गंपर्झ, आणि त्यांचं आपल्या मुलखाशीही नातं आहे, सांगलीजवळच्या कुपवाडात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे एकत्र राहून कसे बोलतात ह्यावरचा त्यांचा रॉबर्ट विल्सनबरोबरचा १९७१ चा लेख प्रसिद्ध आहे. पण शैलीबद्दल सगळ्यात जास्त सांगितलं जातं ते त्यांचं ब्रिटनमधलं उदाहरण. एका विमानतळाच्या कर्मचारी कँटीनमध्ये भारत-पाकिस्तानकडच्या बायका नव्याने कामाला लागल्या आणि तक्रारी सुरू झाल्या की ह्या उर्मट आहेत. रेकॉर्डिंग करून ऐकलं तर भांडण एका शब्दाच्या सुरावर होतं. मांसाबरोबर रस्सा हवा का विचारताना ब्रिटिश बायका "ग्रेव्ही?" असा सूर वर न्यायच्या, आणि आपल्याकडच्या बायका तोच शब्द सूर खाली आणून म्हणायच्या. त्यांच्या मनात तो आदराने विचारलेला प्रश्नच होता, समोरच्याला मात्र ऐकू यायचं "ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या". टेप दोन्ही बाजूंना ऐकवल्यावर त्या बायकांना पहिल्यांदा कळलं की इतके दिवस लोक आपल्याशी असे का वागत होते. मला ही गोष्ट फार लागते, कारण त्यात वाईट कोणीच नव्हतं आणि तरी माणसं उर्मट ठरली होती.

गंपर्झ यांच्याच विद्यार्थिनी डेबोरा टॅनन. त्यांनी १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातलं सणाचं एक जेवण रेकॉर्ड केलं, सहा जणं, अडीच तासांच्या वर बोलणं, आणि त्यावरचं पुस्तक १९८४ मध्ये आलं. न्यूयॉर्कची माणसं एकमेकांच्या बोलण्यात शिरून, भराभर प्रश्न टाकून बोलायची, त्यांच्या लेखी ती आपुलकी, बाकीचे मात्र थांबायची जागाच मिळत नाही म्हणून गप्प होत गेले. आमच्याकडे चतुर्थीला सगळं घर जमलं की तिघं-चौघं एकदम बोलतात आणि सगळ्यांना सगळं कळतं, कोणी मध्येच बोललं म्हणून कोणी रुसत नाही. हेच लोक ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकेकटे बोलतात.

एकाचं संपलं की दुसरा किती पटकन बोलायला लागतो हेही नंतर मोजलं गेलं. २००९ मध्ये दहा भाषांवर झालेल्या अभ्यासात प्रश्न संपून उत्तर सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाच्या, आसपास वेळ लागतो असं दिसलं, जपानी सगळ्यात भरभर, डॅनिश सगळ्यात सावकाश. तरी फरक सेकंदाच्या अर्ध्याहून कमी, आणि तेवढ्यावरून आपण समोरच्याला आगाऊ नाहीतर घुम्या ठरवून मोकळे होतो.

टेक्नॉलॉजीत हे सगळं पुन्हा नव्याने शिकावं लागलं. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरच्या नोटीसबोर्डावरचा लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा एक विनोद काहींनी खराच धरला, त्यातून स्कॉट फालमन यांनी आडव्या हसऱ्या चेहऱ्याची :-) ही खूण सुचवली. १९९२ मध्ये पहिला एसएमएस गेला, मग १९९९ मध्ये जपानच्या डोकोमो ह्या मोबाइल कंपनीचे १७६ इमोजी आले, २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची निळी टिक आली आणि गप्प राहण्यालाही अर्थ आला, वाचलंय पण उत्तर नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. २०१५ च्या एका अमेरिकन अभ्यासात एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला तर मेसेज कमी मनापासूनचा वाटतो असं निघालं, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसं वाटलं नाही. चॅटमध्ये मेसेज पाठवला की वाक्य आपोआप संपतं, मग वर टिंब कशाला दिलं असा प्रश्न मनात येतो आणि त्याचं उत्तर आपण "राग" असं देतो. तालमीच्या नोटिशीचं हेच होतं, लिहिणारा शाळेत शिकवलेली मराठी लिहितोय आणि वाचणारा बोलणं ऐकतोय.

मशीनशी बोलणंही शैलीवरच उभं राहिलं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी ह्या विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी केलेला 'एलायझा' हा प्रोग्राम काहीही समजत नसताना फक्त मानसोपचार करणाऱ्याच्या ढंगात तुमचंच वाक्य फिरवून विचारायचा, आणि लोक त्याच्यापाशी मन मोकळं करायला लागले, वायझेनबाउम स्वतः त्याने अस्वस्थ झाले. २०२४ च्या मे महिन्यात ओपनएआय ह्या कंपनीने जीपीटी-४ओ हा बोलू शकणारा एआय आणताना सांगितलं की आवाजाला उत्तर द्यायला त्याला सरासरी ३२० मिलिसेकंद लागतात, म्हणजे वेग माणसाच्या जवळ आला. पण आपल्याकडे कोणी बोलत असताना ऐकणारा गप्प बसत नाही, "हूं", "बरं", "मगे" म्हणत राहतो, नाहीतर सांगणाऱ्याला वाटतं ह्याचं लक्षच नाही. अशा बोलणाऱ्या मशीनला तुम्ही मध्येच "हूं" म्हणालात तर कितीदा तरी ते त्याला अडवणं समजतं आणि बोलायचं थांबतं, आणि सांगता सांगता तुम्ही नाव आठवायला जरा थांबलात की तुमचं संपलं समजून उत्तर सुरू करतं.